पगारपत्रकातले दोनशे रुपये

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नसतो. कुणाला किती 'पॅकेज' मिळालं, हातात किती पडणार, पीएफ किती कापणार आणि टॅक्स कसा वाचवायचा! अजून नोकरी लागायची आहे, मागचे दोन विषय निघायचे आहेत, पण टॅक्स वाचवायची तयारी मात्र पूर्ण. मीही त्याच टेबलावर बसलेलो असतो, तेव्हा हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही.

सुट्टीत गावी गेलो की याचं दुसरं टोक बघायला मिळतं. आमचं गाव नायगाव तालुक्यातलं. नायगावला बसमधून उतरलं की टपरीवर चहा ठरलेला, आणि तिथं आमचे चुलते भेटणार हेही ठरलेलं. त्यांचं एक वाक्य पाठ झालंय मला : "तुमचं बरं हाय बाबा. लाखानं कमवायचं, एसीत बसायचं, आन् वरून टॅक्स बी वाचवायचा!" मग हिशोब सुरू. चार एकर रान, एकरी सात-आठ क्विंटल सोयाबीन. २०१९-२० चा हमीभाव होता ३,७१० रुपये. तो मिळाला असं धरलं तरी (आणि तो मिळतोच असं नाही) सव्वा लाखाच्या आतच. त्यातून बी, खत, फवारणी, काढणी वजा. आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तेव्हा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत वर्षाला बारा लाख कमवायचा. "म्हंजे त्याचं एक वर्ष आन् माझी धा वर्षं," चुलते म्हणायचे. गणित बरोबर होतं, त्यामुळे उत्तर देता यायचं नाही.

मग प्रश्न असा की भरपूर पगार घेणाऱ्या इंजिनिअर, डॉक्टर, वकील, सीए लोकांवर त्यांच्या कमाईबद्दल आणि कर-सवलतींबद्दल टीका करणं योग्य आहे का? या प्रश्नाकडे मी आधी फक्त टपरीवरचा वाद म्हणून बघायचो. आमच्याच घरात तो उभा राहिला तेव्हा मात्र नीट विचार करावा लागला.

एक फोन

जानेवारी २०२० ची गोष्ट. मी नववीत होतो. संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबांचा पॅन नंबर पाहिजे होता, आणि एका कागदावर बाबांची सही. कसला कागद? भाडेपावती. पुण्यातलं घर बाबांचं आहे, दादा त्यात राहतो आणि महिन्याला पंचवीस हजार रुपये भाडं देतो, असं त्या पावतीवर लिहायचं होतं. आमच्या बाबांच्या नावावर पुण्यात घर सोडा, खिडकीसुद्धा नाही!

पुढचं समजण्यासाठी हे गणित नीट सांगतो, कारण नोकरी लागल्यावर आपल्यालाही हे करायचंच आहे. पगारात 'घरभाडे भत्ता' नावाचा एक भाग असतो. आयकराच्या नियमानुसार (जुन्या करपद्धतीत) या भत्त्यापैकी काही रक्कम करमुक्त होते. किती? तीन आकडे काढायचे : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि पुण्यासारख्या शहरात त्या वेळी मूळ पगाराचे ४० टक्के. यातला सर्वांत लहान आकडा करमुक्त.

दादाचा मूळ पगार महिना ५०,००० म्हणजे वर्षाला ६ लाख. भत्ता वर्षाला २ लाख ४० हजार. तो दोन मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा आणि त्याच्या वाट्याचं भाडं होतं महिना दहा हजार. वर्षाचे १,२०,००० वजा ६०,००० म्हणजे ६०,००० रुपये करमुक्त. हे झालं खरं. पण भाडं पंचवीस हजार दाखवलं तर ३,००,००० वजा ६०,००० म्हणजे पूर्ण २,४०,००० करमुक्त! १,८०,००० चा फरक. दादा तेव्हाच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात होता. वर ४ टक्के उपकर. म्हणजे एका सहीमुळे वाचणार होते ३७,४४० रुपये.

वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून बाबांच्या पॅनची गरज. बाबांना दुसरं काही करपात्र उत्पन्न नाही, त्यामुळे त्यांच्या नावावर ते 'भाडं' दिसलं तरी त्यांना फारसा कर लागला नसता. दादाच्या ऑफिसात असं बरेच जण करायचे, असं तो म्हणाला. आणि त्याचीही एक बाजू होती. खऱ्या घरमालकाने पॅन द्यायला टाळाटाळ चालवली होती, कारण त्याला स्वतःचं भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नव्हतं. दादा चिडून म्हणाला, "खरं दाखवायला गेलो तर पुरावा मिळत नाही. माझा पगार हातात यायच्या आधीच टॅक्स कापून जातो. बाहेर लाखोंचा धंदा रोखीत करणाऱ्याला कोण विचारतंय? मीच काय घोडं मारलंय?"

बाबा म्हणाले, "सही करायची नाही मला." दादाने फोन ठेवला.

पीटी म्हणजे काय?

दोन दिवसांनी दादाने बाबांच्या मोबाइलवर त्याच्या पगारपत्रकाचा फोटो पाठवला. 'बघा किती कापतात' हे दाखवायला. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून दाखवत होतो. मूळ पगार, भत्ता, पीएफ, आयकर... आणि खाली एका ओळीत 'पीटी - २००'. पीटी म्हटल्यावर मला आपली शाळेतली कवायतच आठवली! आजी बाजूला तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "ते काय रं दोनशे?" मला सांगता आलं नाही.

पुढे मी ते शोधून काढलं, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या प्रत्येक नोकरदाराला हे माहीत असायला हवं. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. आणि तो लावला कशासाठी? तर रोजगार हमी योजनेसाठी.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्याचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आजीच्या पिढीला तो फक्त 'बहात्तरचा' एवढंच म्हटलं तरी कळतो. लाल मिलोची भाकरी, सुकडी, आणि खडी फोडायला गेलेली गावंच्या गावं. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्या दुष्काळातून एक गोष्ट पक्की झाली, की काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची मेहरबानी असता कामा नये, तो त्याचा हक्क असला पाहिजे. १९७७ मध्ये तसा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावात नाव नोंदवून काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं, असा तो कायदा.

पण पैसा कुठून आणायचा? पैशाची तरतूद नसलेला हक्क कागदावरच राहतो. म्हणून खास रोजगार हमीचा निधी केला. त्यात व्यवसाय कराचं उत्पन्न, विक्रीकर आणि वाहन करावरचा जादा कर, शेतसाऱ्यावरचा अधिभार, एवढंच काय, बागायती जमिनीवरची विशेष आकारणीसुद्धा घातली. आणि या करांतून जेवढे जमतील तेवढेच राज्य सरकारने आपल्याकडचे घालायचे. यातला व्यवसाय कराचा वाटा मोठा होता, आणि तो येणार कुठून? जिथं पगारदार आणि व्यावसायिक जास्त तिथून, म्हणजे मुंबई-पुण्याकडून. थोडक्यात, फोर्टमधल्या बँकेतला कारकून आणि पुण्यातला इंजिनिअर यांच्या पगारातून कापलेल्या पैशावर मराठवाड्यात बांध पडू लागले. शहराने खेड्याला मदत करायची, आणि तीही भीक म्हणून नाही तर कायद्याने. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा हाच अनुभव समोर होता. २ फेब्रुवारी २००६ ला तो ज्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपला नांदेड जिल्हाही होता.

आजीचा तलाव

हे सगळं मी आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग आपला तलाव?"

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. १९८० च्या आसपास रोजगार हमीतून झालेला. आजी त्या कामावर होती. बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. बाभळीच्या सावलीत त्यांना बसवून ती माती वाहायची. मजुरी मापाने. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजायची आणि घनमापाप्रमाणे पैसे. खोली किती गेली हे कळावं म्हणून खड्ड्यात मधे मातीचा एक उंचवटा न खोदता सोडायचे. मुकादमाने हजेरी घ्यायची, आठवड्याने-पंधरवड्याने वाटप. वाटप वेळेवर व्हायचंच असं नाही आणि मापातही मारलं जायचं, हे आजी आजही विसरलेली नाही. पण त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या घरातलं कुणी गाव सोडून गेलं नाही. शेजारची दोन घरं निजामाबादकडे गेली होती. ती काम निघाल्यावर परत आली.

मी स्थापत्यचा विद्यार्थी आहे. गेल्या मे महिन्यात मुद्दाम त्या तलावावर गेलो. पुस्तकातली आकृतीच समोर उभी होती. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग, एका टोकाला सांडवा. गाळ भरलाय, पिचिंगचे दगड बरेच निसटलेत. तरी खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा पाझर आहे. पाझर तलावात पाणी साठवून कालव्याने न्यायचं नसतं, ते जमिनीत मुरू द्यायचं असतं. त्यामुळे त्याचा फायदा डोळ्यांना दिसत नाही, विहिरीत उतरतो. आमची विहीर त्याच्याच खाली आहे. त्या विहिरीवर बाबा दहावी शिकले आणि दादा इंजिनिअर झाला.

म्हणजे बघा, १९८० मध्ये कुणीतरी अनोळखी पगारदाराने महिन्याला काही रुपये दिले. त्याला आमचं गाव माहीत नव्हतं. बहुतेक त्यानेही कापलेल्या पैशाबद्दल कुरकुरच केली असणार! पण त्या पैशाने आजीच्या हाताला काम मिळालं, तलाव झाला आणि चाळीस वर्षांनी त्याच घरातला मुलगा पुण्यात बारा लाख कमवू लागला. आता त्याच्या पगारातून दोनशे रुपये कापले जातात. हे चक्र पूर्ण झालं असं मला वाटतं.

बाबांनी सही का केली नाही, हे मला तेव्हा कळलं. ते एवढंच म्हणाले होते, "आपल्याला लोकांनी दिल्यालं हाय. आता द्यायची पाळी आली तं चोरी कशी करू?"

वजावट आणि चोरी

इथं एक फरक नीट करायला हवा, कारण टपरीवर आणि कँटीनमध्ये दोन्हीकडे त्याची भेसळ होते. 'टॅक्स वाचवणं' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो.

पहिली गोष्ट वजावट. सरकारला वाटतं की लोकांनी म्हातारपणासाठी पैसे साठवावेत, विमा काढावा, घर घ्यावं. म्हणून जुन्या पद्धतीत कलम ८०-सी खाली पीएफ, पीपीएफ, विमा वगैरेत गुंतवलेल्या दीड लाखापर्यंतच्या रकमेवर कर नाही, घरकर्जाच्या दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर नाही, आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत नाही. ही सवलत संसदेने दिलेली आहे. ती घेणाऱ्याला 'टॅक्स बुडवला' म्हणणं म्हणजे एसटीत ज्येष्ठ नागरिकाची सवलत घेणाऱ्या आजोबांना फुकट्या म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट चोरी. न राहिलेल्या घराची भाडेपावती, न दिलेली देणगी, न दाखवलेली फी. ही वजावट नाही, हे खोटं आहे. कायदाही तसंच मानतो. उत्पन्न चुकीचं दाखवून कर बुडवला तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. दादाच्या बाबतीत तो ७४,८८० रुपये झाला असता.

आणि ३७,४४० रुपये म्हणजे नेमके किती? २०१९-२० मध्ये महाराष्ट्रात केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २०६ रुपये. ही मजुरी केंद्र सरकार द्यायचं, आणि आयकरही केंद्राकडेच जातो. म्हणजे त्या एका सहीची किंमत एका मजुराची १८१ दिवसांची मजुरी! किंवा दुसऱ्या मापाने, दादाच्या जवळजवळ पंधरा वर्षांच्या व्यवसाय कराएवढी.

व्यावसायिकांबद्दलही थोडं सांगायला हवं. डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांचा कर पगारदारासारखा महिन्याच्या महिन्याला आपोआप कापला जात नाही, बरंच त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर असतं. त्यांच्यासाठी २०१६ च्या अर्थसंकल्पात कलम ४४ एडीए आलं. ठरावीक मर्यादेच्या आत (सुरुवातीला ५० लाख) फी मिळाली तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या, वह्या काही दाखवायच्या नाहीत. तीस लाख फी, तर पंधरा लाखांवर कर. ज्याचा खरा खर्च दहा लाखच आहे त्याला पाच लाखांची सरळ सूट मिळते. आपल्या पगारदार इंजिनिअरला असं काही नाही. पण इथंही तेच. निम्मं उत्पन्न दाखवणं कायदेशीर आहे, फी रोखीत घेऊन ती दाखवायचीच नाही हे बेकायदेशीर. टीका दुसऱ्यावर करावी, पहिल्यावर नाही.

सवलत कुणाला किती?

मग चुलत्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे का? नाही. त्यांचा रोख चुकलाय, मुद्दा नाही.

दीड लाखाची तीच ८०-सी ची वजावट घ्या. जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे (उपकरासह) ४६,८०० रुपये वाचतात. २० टक्केवाल्याचे ३१,२००. ५ टक्केवाल्याचे फार तर ७,८००. आणि ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याने पोटाला चिमटा काढून पोस्टात पैसे ठेवले तरी त्याला यातून शून्य. म्हणजे जो जास्त कमावतो त्याच्या बचतीला सरकारचा हातभार जास्त! दिलेली वजावट म्हणजे सरकारने न दाखवता केलेला खर्चच असतो. म्हणूनच २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर 'सवलतींमुळे किती महसूल सोडला' याचं विवरण संसदेत मांडलं जाऊ लागलं.

व्यवसाय करातही तसंच आहे. महिना दहा हजारांच्या थोडा वर पगार असलेल्या पुरुषालाही वर्षाला २,५०० (अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे) आणि महिना लाख रुपये घेणाऱ्यालाही २,५००. पहिल्याच्या पगाराचे ते सुमारे दोन टक्के, दुसऱ्याच्या पाव टक्क्याहून कमी. (महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे.) राज्य सरकारने मनात आणलं तरी ते श्रीमंतांकडून जास्त घेऊ शकत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच वरची मर्यादा घातली आहे. मूळ मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तिथून पुढे ती हललेली नाही. १९८८ चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यात किती फरक आहे, हे घरातल्या कुणालाही विचारा.

आणखी एक गंमत. २०२०-२१ पासून नवी करपद्धत आली. तिच्यात ८०-सी, घरभाडे वगैरे बहुतेक सवलती नाहीत, पण दर कमी. २०२५-२६ या वर्षासाठी तिच्यात पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकरच लागत नाही. म्हणजे दादाच्या त्या वेळच्या बारा लाखांवर आता खोटी पावती सोडाच, खऱ्या पावतीचीही गरज नाही, आयकर शून्य! राहतो तो फक्त पीटीचा अडीच हजार. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण तो वाद कर ठरवणाऱ्यांशी आहे, कर भरणाऱ्याशी नाही.

कुणी म्हणेल, मग लावा की श्रीमंतांवर ९० टक्के कर! तेही करून झालंय. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्याला अधिभारासह ९७.७५ टक्के दर होता. शंभर रुपये जास्त कमावले तर सव्वादोन रुपये हातात! मग कोण खरं सांगणार? वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की एवढे चढे दर हे करचुकवेगिरीचं एक मोठं कारण आहे. पुढे दर उतरत गेले आणि १९९७-९८ मध्ये वरचा दर ३० टक्क्यांवर आला. दर माणसाला झेपेल असा हवा आणि त्यातून सुटायच्या पळवाटा कमी हव्यात, एवढं यातून घेण्यासारखं आहे.

थोडं आपल्याकडेही बघू

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून आमच्या बाजूचंही सांगतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. घटनेनुसार तो विषय राज्यांचा आहे, केंद्र त्यावर कर लावू शकत नाही. आमच्या चार एकरावर लावला तरी निघणार काही नाही. पण शंभर एकर ऊस-केळी असलेल्यालाही तीच सवलत आहे, आणि दुसरीकडचा पैसा 'शेतीचं उत्पन्न' म्हणून दाखवायची वाटही तिथूनच जाते. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये मोठ्या शेतीवर कर लावायची शिफारस केली होती, ती देशात रुजली नाही. तेव्हा पुण्यातल्या इंजिनिअरकडे बोट दाखवताना आपली तीन बोटं कुठं वळतात, तेही बघावं.

उलट बाजूने, 'आम्हीच टॅक्स भरतो आणि बाकीचे फुकट खातात' हे कँटीनमधलं वाक्यही खोटं आहे. आजी मोबाइलला रिचार्ज मारते त्यात १८ टक्के जीएसटी, बाबांच्या खताच्या पोत्यात ५ टक्के, डिझेलवर तर केंद्राचाही कर आणि राज्याचाही. आयकर न भरणारा माणूस कर भरत नाही असं नाही. त्याला पावती मिळत नाही, एवढंच.

आणि आपण? आपल्यापैकी कितीजण राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अर्धी फी भरून शिकतोय? कितीजणांची पूर्ण फी माफ आहे? ती बाकीची फी कुणीतरी भरतंच की! लॅबमधलं ते युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन आपण सळई ताणून तोडायला वापरतो, तेही कुणाच्या तरी करातून किंवा फीमधून आलेलं. तेव्हा उद्या पहिला पगार हातात येईल तेव्हा 'हे सगळं माझ्या एकट्याच्या हुशारीचं' असं म्हणायच्या आधी थोडं थांबलं पाहिजे.

मग टीका करायची की नाही?

माझं उत्तर असं आहे. चार भाग करावेत.

जास्त कमावतो म्हणून टीका करू नये. दादा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम करायचा हे मी बघितलंय. त्याच पगारातून ताईच्या लग्नाचं कर्ज फिटलं. चांगला पगार हा गुन्हा नाही, आणि तो कमी केल्याने सोयाबीनचा भाव वाढणार नाही.

कायद्याने दिलेली सवलत घेतली म्हणून टीका करू नये. सवलत अन्यायाची वाटत असेल तर ती देणाऱ्याला विचारावं. मत आपल्याकडे आहे.

खोटी पावती लावली तर मात्र टीका करावी, आणि तो आपला भाऊ असला तरी करावी. 'सगळेच करतात' आणि 'मोठे तर सुटतात' ही दोन कारणं खरी असली तरी त्यांनी पावती खरी होत नाही.

आणि चौथी टीका विसरण्याबद्दल. आपण कुणाच्या पैशावर उभे राहिलो हे विसरून जो नाक मुरडतो, त्याला दंड करणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही. ते काम घरच्यांनीच करायचं असतं.

आता शेवटी काय झालं ते सांगतो. दादा महिनाभर बाबांशी बोलला नाही. आईने मधे पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग फेब्रुवारीत त्याने आणि त्याच्या मित्रांनी फ्लॅट सोडायची तयारी दाखवली तेव्हा घरमालकाने मुकाट्याने पॅन दिला. दादाने खरं भाडं दाखवलं. त्याचा त्या वर्षीचा आयकर बसला १,०४,००० रुपये. खोट्या पावतीने तो ६६,५६० झाला असता.

मार्चमध्ये लॉकडाऊनच्या चार-पाच दिवस आधी तो गावी आला आणि दिवाळीपर्यंत इथंच राहिला. २५ मार्चला पाडवा होता, आणि त्याच दिवसापासून सगळं बंद झालं. हैदराबादला कामाला गेलेली आमच्या गावची माणसं पुढे मिळेल त्या वाहनाने, काहीजण तर पायी, परत आली. मे महिन्यात रोजगार हमीवर नाल्याचं काम निघालं. दादाला घरात नेटवर्क मिळायचं नाही, म्हणून तो लॅपटॉप घेऊन तलावाच्या बांधावर जाऊन बसायचा. खाली त्याच्याच शाळेतले दोघंजण माती काढत होते. मजुरी होती २३८ रुपये.

एका संध्याकाळी जेवताना त्याने आजीला पगारपत्रक पुन्हा काढून दाखवलं. म्हणाला, "आजी, हे दोनशे कशाचे, तुला माहीत आहे?"

आजी म्हणाली, "मला ठाव हाय. तुला आत्ता कळायलंय."